अगाथा ख्रिस्ती : काय वाचावे, काय राखून ठेवावे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या ग्रंथालय-चिटणीसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी जे वक्ते झाले त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांवर बोलून आपणांस तृप्त केले. त्यांच्यामागोमाग रहस्यकथेसारखा विषय घेऊन उभे राहण्यास थोडे धैर्य लागते. ते धैर्य मला आपल्या ग्रंथालयाच्या नोंदवहीने दिले. गेली अनेक वर्षे दर रविवारी सकाळी मी ती कपाटे उघडते आणि वही पुढे ओढते. त्या वहीची साक्ष अशी की, सभासमारंभांत ज्या ग्रंथांची नावे आपण आदराने घेतो ते ग्रंथ कपाटात स्वस्थ विश्रांती घेत असतात. आणि ज्यांची नावे व्यासपीठावरून कोणी घेत नाही, ती पुस्तके घरोघर हिंडत असतात. अशा हिंडणाऱ्या पुस्तकांत कै. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड होते, तसेच इंग्रजी कपाटातल्या अगाथा ख्रिस्तीबाईही होत्या आणि आहेत.

मराठी मंडळाच्या ग्रंथालयात इंग्रजी कपाट कसे, असे नवीन सभासद विचारतात. ते कोणी मुद्दाम केलेले नाही. बदलीच्या नोकरीतली कुटुंबे हे शहर सोडताना सामानाचा भार कमी करीत आणि जी पुस्तके पुढे नेणे जड होई ती मंडळाला देऊन जात. अशी एकेक करून ख्रिस्तीबाईंची चाळीसच्या वर पुस्तके आपल्याकडे जमली. त्यांत क्रम नाही, निवड नाही. आणि म्हणूनच दर सुट्टीत एखादा मुलगा वा मुलगी त्या कपाटापुढे उभी राहून मला विचारते, "काकू, यांतले कुठले घेऊ?"

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे चुकीचे उत्तर मी एकदा दिले आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करते.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच एका सभासदांची बारा-तेरा वर्षांची मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. मी घाईत होते. बांधणी नीट असलेले, पाने न फाटलेले एक पुस्तक मी तिच्या हाती ठेवले. ते होते 'पोस्टर्न ऑफ फेट'. पुढच्या रविवारी तिने ते परत आणले. तिसाव्या-चाळिसाव्या पानावर बसच्या तिकिटाची खूण तशीच होती. "काकू, ही माणसं तेच तेच बोलतात. या बाई एवढ्या मोठ्या कशा?" एवढेच ती म्हणाली. त्यानंतर ती त्या कपाटाकडे फिरकली नाही, आणि हळूहळू ग्रंथालयाकडेही नाही.

मुलीचे चुकले नव्हते. 'पोस्टर्न ऑफ फेट' हे १९७३ सालचे पुस्तक ख्रिस्तीबाईंनी लिहिलेली शेवटची कादंबरी होय. तेव्हा त्यांचे वय ८३ वर्षांचे होते. कथानकाचे धागे त्यात सुटून जातात, पात्रे एकदा बोललेले पुन्हा बोलतात. त्याच्या आदल्या वर्षीची 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' ही कादंबरी तर स्मरणशक्तीविषयीच आहे. जुनी घटना आठवणाऱ्या माणसांना शोधत फिरणे हाच तिचा विषय. पुढे २००९ साली टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी बाईंच्या आरंभापासून अखेरपर्यंतच्या निवडक कादंबऱ्यांतील शब्द मोजून पाहिले. अखेरच्या पुस्तकांत निरनिराळ्या शब्दांची संख्या घटली आहे, पुनरुक्ती वाढली आहे आणि नेमक्या नामाऐवजी मोघम शब्द अधिक आले आहेत, असे त्यांना आढळले. हा विस्मृतीच्या आजाराचा परिणाम असावा, असे अनुमान त्यांनी काढले. बाईंच्या हयातीत तसे निदान झाले नव्हते. तेव्हा अनुमान ते अनुमानच. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील एकच गोष्ट तासाभरात तीनदा सांगतात, त्यांना ते पुस्तक वाचताना निराळेच काहीतरी जाणवेल. तेरा वर्षांच्या मुलीला ते कसे जाणवावे? तिने परीक्षा केली ती थकलेल्या हाताची. आणि तो हात तिच्यापुढे धरणारी मी होते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. ज्या लेखकाने थोडे लिहिले त्याचे कोणतेही पुस्तक उचलावे. ज्याने विपुल लिहिले त्याचे पहिले पुस्तक मात्र विचारपूर्वक निवडावे लागते. कारण वाचक दुसरी संधी क्वचितच देतो.

ख्रिस्तीबाईंचे लेखन किती विपुल आहे हे आधी पाहू. १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, टॉर्की या समुद्रकाठच्या गावी त्यांचा जन्म झाला. १२ जानेवारी १९७६ रोजी त्या वारल्या. एवढ्या काळात ६६ रहस्यकादंबऱ्या आणि १४ कथासंग्रह त्यांच्या नावावर जमा झाले. याखेरीज मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने लिहिलेल्या सहा कादंबऱ्या निराळ्या, आणि नाटके निराळी. 'द माउसट्रॅप' हे त्यांचे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी रंगभूमीवर आले, ते २०२० च्या महामारीपर्यंत अखंड चालले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात त्या आधी परिचारिका होत्या, मग औषधे तयार करण्याच्या विभागात काम करू लागल्या. विषांची ओळख त्यांना तेथे झाली. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' या पहिल्याच कादंबरीत ते ज्ञान उपयोगी पडले, आणि हर्क्यूल प्वारो हा मिशीला जिवापाड जपणारा बेल्जियन गुप्तहेर जगाला भेटला. मिस मार्पल या विणकाम करणाऱ्या खेडेगावच्या आजीबाई कादंबरीत आल्या १९३० साली.

एवढ्या ढिगातून वाट काढायची तर कालक्रमाने पहिल्यापासून जावे, असे कित्येकांना वाटते. मला तो मार्ग मान्य नाही. पहिल्या काही वर्षांत बाईंचा हात बसत होता. 'द बिग फोर' (१९२७) सारखे पुस्तक त्या काळच्या कौटुंबिक विपत्तीत कसेबसे उभे केलेले आहे. लेखणीचा भर ओसंडला तो साधारणपणे १९३४ पासून १९५० पर्यंत. माझा सल्ला असा की, आरंभ या सोळा वर्षांतून करावा, आणि तोही स्वतःची प्रकृती ओळखून.

ज्याला कोडे सोडविण्याची हौस आहे त्याने 'द ए.बी.सी. मर्डर्स' (१९३६) घ्यावे. त्यात खुनी माणूस प्वारोला आधी पत्र पाठवून गावाचे नाव आणि तारीख कळवितो. अ अक्षराच्या गावी अ अक्षराची व्यक्ती, मग ब, मग क. आणि प्रत्येक प्रेतापाशी रेल्वेच्या वेळापत्रकाची एक प्रत. आपण सर्व वेळापत्रकावर जगलेली माणसे आहोत. गावाकडच्या गाडीची वेळ आपल्याला तोंडपाठ असते. एवढे निरुपद्रवी पुस्तक इतके भयंकर वाटू शकते, हे तेथे समजते.

ज्याला भीती हवी आहे त्याने 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) घ्यावे. डेव्हनच्या किनाऱ्याजवळचे एकाकी बेट, तेथे बोलाविलेली दहा माणसे, यजमानाचा पत्ता नाही आणि गुप्तहेरही नाही. एका बालगीताच्या ओळींप्रमाणे एकेक माणूस कमी होत जातो. १९६५ सालच्या 'गुमनाम' या हिंदी चित्रपटाची मूळ कल्पना येथलीच. चित्रपट पाहिला म्हणून पुस्तक सोडू नये. दोहोंत पुष्कळ अंतर आहे.

ज्याला प्रवास आवडतो त्याच्यासाठी 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' (१९३४) आहे. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते आणि डब्यात खून झालेला असतो. मात्र येथे एक अट आहे. ज्यांनी १९७४ चा किंवा २०१७ चा चित्रपट पाहिला आहे त्यांनी या पुस्तकापासून आरंभ करू नये. त्याची सारी गंमत शेवटच्या उकलीत आहे आणि ती एकदाच मिळते.

रहस्यकथेत नुसते कोडे असते, माणसे नसतात, असे म्हणणाऱ्यांना मी 'फाइव्ह लिटल पिग्ज' (१९४२) देते. एक तरुणी प्वारोकडे येते. सोळा वर्षांपूर्वी तिच्या चित्रकार वडिलांना विष दिल्याबद्दल तिच्या आईला शिक्षा झाली होती आणि आई तुरुंगातच वारली. मुलीचे लग्न ठरते आहे. तिला खरे काय ते कळावयास हवे. ना प्रेत, ना ठसे, ना ताजा पुरावा. त्या दिवशी हजर असलेल्या पाच व्यक्तींच्या आठवणी प्वारो ऐकतो आणि त्यांच्याकडून लिहून घेतो. एकच दिवस पाच जणांना कसा पाच तऱ्हांनी आठवतो, ते पाहण्यासाठी हे पुस्तक वाचावे. बाईंच्या साऱ्या लेखनात मला हे सर्वांत प्रिय आहे.

आता राखून ठेवण्याच्या पुस्तकांविषयी. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक. साहजिकच जो तो त्याच्यापासून आरंभ करण्यास सांगतो. माझे मत उलट आहे. त्या पुस्तकाने त्या वेळी वाद उभा केला. लेखिकेने वाचकाशी सरळ व्यवहार केला की नाही, यावर लोक हिरिरीने भांडले. परंतु तो धक्का बसण्यासाठी रहस्यकथेच्या चालीरीती अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. ज्याला पंगतीचा रिवाज ठाऊक नाही त्याला तो कोणी मोडला तरी काय कळणार? तेव्हा चार-पाच कादंबऱ्या झाल्यावर ते घ्यावे. आणि तोवर त्याविषयी बोलू पाहणाऱ्याला हात जोडून थांबवावे.

दुसरी सावधगिरी खुद्द बाईंपासूनच बाळगावयाची आहे. 'डम्ब विटनेस' (१९३७) मध्ये प्वारो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतील गुन्हेगारांची नावे सांगून मोकळा होतो. त्यांत 'स्टाइल्स' आहे आणि 'रॉजर ॲक्रॉइड'ही आहे. 'कार्ड्स ऑन द टेबल' (१९३६) मध्ये ओरिएंट एक्स्प्रेसची किल्ली एका वाक्यात हाती पडते. ही दोन्ही पुस्तके चांगली आहेत. पण ती मागाहून वाचावीत.

तिसरी सावधगिरी खिशाची आहे. इंग्लंडात एक नाव आणि अमेरिकेत दुसरे, असा या पुस्तकांचा प्रकार आहे. 'लॉर्ड एजवेअर डाइज' आणि 'थर्टीन ॲट डिनर' हे एकच पुस्तक. 'डेथ इन द क्लाउड्स' तेच 'डेथ इन द एअर'. गावी जाताना स्थानकावर नवे म्हणून घ्यावे, आणि गाडी सुटल्यावर तिसऱ्या पानावर ओळखीचा मृतदेह भेटावा, हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पुढचा दीड दिवस मी खिडकीतून शेते पाहिली.

आणि सर्वांत शेवटी 'कर्टन'. ही प्वारोची अखेरची कथा १९७५ साली प्रसिद्ध झाली आणि ६ ऑगस्ट १९७५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या काल्पनिक माणसाचे मृत्युवृत्त पहिल्या पानावर छापले. परंतु हे पुस्तक लिहिले गेले होते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे बाईंच्या ऐन भरात. बाँबवर्षावात आपले काही बरेवाईट झाले तर घरच्यांना आधार असावा म्हणून त्यांनी दोन हस्तलिखिते बाजूला ठेवली होती. 'कर्टन' कन्येच्या नावे आणि मिस मार्पलची 'स्लीपिंग मर्डर' पतीच्या नावे. दुसरी त्यांच्या निधनानंतर, १९७६ मध्ये बाहेर आली. प्रकाशनाचे साल पाहून निवड करणारा येथे फसतो. शेवटी छापलेली ही दोन पुस्तके उतारवयातली नाहीत. लेकीसाठी दागिना बाजूला काढून ठेवावा तशी ती ठेवलेली होती. लेखिकेने जे तीस वर्षे राखले ते वाचकाने आल्या आल्या उघडू नये, एवढाच शिष्टाचार मी सुचविते.

काही पुस्तके आणि काही पाने यांविषयी मुलांना आधीच सांगून ठेवावे. आरंभीच्या कादंबऱ्यांत ज्यूंविषयी, परदेशी माणसांविषयी हेटाळणीचे उल्लेख आहेत. १९३९ च्या ज्या कादंबरीची मी स्तुती केली तिचे इंग्लंडातील मूळ नाव कृष्णवर्णीयांना हिणविणारे होते. अमेरिकेत ते १९४० सालीच बदलले. प्रतिभा मोठी असली तरी काळाचे डाग अंगावर राहतात. ते लपवू नयेत, आणि त्यांपायी सारे पुस्तकही फेकू नये.

एक पुस्तक मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण ते आपले आहे. 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०). महायुद्ध नुकतेच संपले आहे, शिधापत्रिकांचे दिवस आहेत. एका खेड्यातल्या स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात येते की, अमुक घरी, अमुक वेळी एक खून होईल. इष्टमित्रांनी अगत्य यावे. शेजारीपाजारी गंमत म्हणून जमतात. ठरल्या वेळी दिवे जातात.

त्यात मिस मार्पल एका ठिकाणी जे बोलतात त्याचा आशय असा : पूर्वी गावात कोण कोणाचे हे सर्वांना ठाऊक असे. नवा कोणी आला तर ओळखीचे पत्र घेऊन येई. आता माणसे हिंदुस्थानातून, हाँगकाँगहून, चीनमधून येऊन राहतात आणि ती स्वतःविषयी जे सांगतील तेवढेच आपल्याला कळते. मी प्रथम हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसले. या शहरात आपण प्रत्येक जण ज्या दिवशी ट्रंका घेऊन उतरलो, त्या दिवशी आपल्याजवळ स्वतःविषयीच्या शब्दांखेरीज कोणती ओळख होती? आपल्या आजोबांना ओळखणारा येथे कोणी नव्हता. आपण जे सांगितले त्यावर घरमालकाने खोली दिली, शेजारणीने विरजण दिले. आणि मंडळाच्या पहिल्या सभेत कोणीतरी विचारले, "आपण मूळचे कुठले?" तो प्रश्न कित्येकांना आगाऊपणाचा वाटतो. मला तो त्या दिवशी ओळखीच्या पत्रासारखा वाटला होता. ख्रिस्तीबाईंनी खुनाच्या निमित्ताने त्या विश्वासाची किंमत दाखविली आहे. परमुलखात राहणाऱ्या माणसाला ते पुस्तक जितके भिडेल तितके ते गावच्या वाड्यात जन्म काढलेल्याला भिडणार नाही.

आता त्या मुलीविषयी सांगून संपविते. गेल्या दिवाळीत ती आईवडिलांकडे आली होती. ती आता परदेशी असते. ज्या इमारतीत राहते तेथे तिचे आडनाव कोणाला उच्चारता येत नाही, असे हसत म्हणाली. मी तिला जुनी चूक कबूल केली आणि 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' हाती दिले. तिला 'पोस्टर्न ऑफ फेट' आठवतही नव्हते. तीन दिवसांनी पुस्तक परत आले. या वेळी आत कोठे खूण नव्हती, कारण मध्ये ठेवलेच गेले नव्हते. ती म्हणाली, "काकू, हेच तेव्हा का नाही दिलंत?" मला उत्तर सुचले नाही. मधली वीस वर्षे मी तिला कोठून परत देणार?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून काही मोठे करावयाचे ते जरूर करावे. पण त्या इंग्रजी कपाटातल्या आणि आपल्या मराठी रहस्यकथांच्या प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी डकवावी. पुस्तक केव्हाचे, कशाच्या आधी वाचू नये, आणि हे आवडले तर पुढे काय घ्यावे, एवढ्या तीनच ओळी. अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. तेथे तर वाटाड्याची गरज आणखी मोठी आहे. त्या चिठ्ठ्या लिहिण्यास मी तयार आहे. ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या आवडीची दोन-दोन नावे मला कळवावीत.

आणि दुसरी विनंती एका अज्ञात सभासदाला. आपल्या 'रॉजर ॲक्रॉइड'च्या प्रतीत पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले आहे. अक्षर वळणदार आहे आणि नोंदवहीतल्या सह्यांशी मी ते ताडून पाहिले आहे. नाव मी सांगणार नाही. उकल केव्हा करावी आणि केव्हा राखून ठेवावी, हे मी ख्रिस्तीबाईंकडून शिकले आहे. येत्या रविवारी कपाट उघडे असेल आणि टेबलावर खोडरबर ठेवलेले असेल.